लग्नाची कॅसेट कशात ठेवावी म्हणजे टिकेल?

विहारातल्या बैठकीत, शिबिरात किंवा जयंतीच्या वर्गणीला गेल्यावर तरुण मुले-मुली हल्ली एक प्रश्न विचारतात. घरात आई-वडिलांच्या लग्नाची व्हिडीओ कॅसेट आहे, ती चालत नाही. ती कशात करून घेतली म्हणजे कायमची टिकेल? डीव्हीडीत घ्यावी, पेनड्राइव्हमध्ये घ्यावी, की सरळ युट्यूबवर टाकून मोकळे व्हावे?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. कॅसेट, सीडी, पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क या वस्तू आहेत. त्यांच्यात जे भरलेले असते ती फाईल, आणि फाईलचाही एक प्रकार असतो. वस्तू आज ना उद्या बिघडतेच. कायम टिकणारी वस्तू मिळेल या आशेवर आपण तीस वर्षे घालवली. आधी कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, आता पेनड्राइव्ह. प्रत्येक वेळी शूटिंगवाल्याने सांगितले की आता काळजी नाही, आणि प्रत्येक वेळी दहा-पंधरा वर्षांत ती चालवणारे यंत्रच घरातून गेले. म्हणून निवड करायची ती फाईलची, आणि ती फाईल जुन्या वस्तूवरून नव्या वस्तूवर वेळेत नेणाऱ्या माणसाची.

हे सगळे करायचे कशासाठी, ते आधी बोलू. कारण लग्नाचा व्हिडीओ म्हटले की अनेक कार्यकर्त्यांना ती खासगी हौस वाटते. समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ती तशी वाटत नाही.

साधा हिशोब करा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा वीस वर्षांची असलेली बाई १९९५ मध्ये एकोणसाठ वर्षांची होती. त्या वर्षी जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही तालुक्यात लागलेल्या लग्नाची कॅसेट लावा. मांडवात पुढच्या रांगेत, पांढऱ्या किंवा निळ्या काठाच्या लुगड्यात बसलेल्या त्या बायका दिसतील. जुने देव पाण्यात सोडणारी ही पिढी. त्यांचे फोटो एखाद-दुसरे, तेही मतदार कार्डावरचे. त्यांचे चालणे, हसणे, सुनेच्या कानात काही सांगणे, कॅमेरा आला की पदर सावरणे हे फक्त या कॅसेटमध्ये आहे. त्यांच्यातल्या ज्या आज हयात आहेत त्या नव्वदीच्या आसपास आहेत.

आणखी एक गोष्ट या कॅसेटमध्ये आहे, जी पुस्तकात सापडत नाही. बौद्ध पद्धतीचा विवाह गावोगाव कसा रुजला, ते. त्रिशरण-पंचशील, वंदना, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, जयमंगल अष्टगाथा हा क्रम आज आपल्याला पाठ आहे. पण १९८८ च्या कॅसेटमध्ये बौद्धाचार्य मध्येच थांबून लोकांना समजावून सांगताना दिसतात की तांदळाच्या अक्षता नकोत, फुले टाका. आणि मागच्या बाजूने तरीही चार मुठी तांदूळ येतातच. हळद किती राहिली, बाशिंग कधी गेले, आहेर माइकवर पुकारणे कधी बंद झाले, आधी तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालण्याचा मान कोणाला दिला जायचा, नवरीची आई व्यासपीठावर होती की मांडवाबाहेर स्वयंपाकात होती, हे सारे त्यात दिसते. जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या वस्त्यांत काय बदलले याचा सर्वांत सलग चित्रित पुरावा कोणत्याही सरकारी कार्यालयात नाही. तो आपल्याच माळ्यावरच्या पेट्यांत आहे.

आणि गाणी. लग्नाच्या आदल्या रात्री गायन पार्टी बोलावण्याची रीत आपल्याकडे होती. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज ध्वनिमुद्रिकांत आणि कॅसेट कंपन्यांकडे राहिले. पण दोन-चार तालुक्यांत नाव असलेल्या, हार्मोनियम आणि ढोलकीवर रात्र जागवणाऱ्या शाहिरांची गाणी कोणत्याही कंपनीने काढली नाहीत. त्यांचा आवाज कुठे असलाच तर कोणाच्या तरी लग्नाच्या कॅसेटमध्ये आहे.

एका माणसाने कॅमेरा चालू ठेवला तर काय उरते, याचे उदाहरण आपल्याला माहीत आहे. ७ डिसेंबर १९५६ च्या मुंबईतील बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. तो जनसागर आज आपण हलत्या चित्रांत पाहतो तो त्यांच्यामुळे. आवाजाचे उदाहरण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. त्यांत माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. नव्वदच्या दशकात त्या टेपवर घेतल्या गेल्या, पुढे त्या टेपच्या डिजिटल फाईली झाल्या, आणि मग ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या जगापुढे ठेवल्या. टेप तशाच कपाटात राहिल्या असत्या तर आज त्यांचे काय झाले असते, ते आपल्या घरच्या कॅसेटकडे पाहून कळते.

आता कॅसेटकडेच येऊ, कारण घाई तिचीच आहे.

व्हीएचएस कॅसेटमधली फीत म्हणजे प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर चिकट द्रव्यात कालवलेली चुंबकीय पूड. ओल आणि उष्णता या दोन्हींनी ते चिकट द्रव्य खराब होते, फीत चिकटू लागते, पूड झडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त तापते; पावसाळ्यात भिंती ओल धरतात. तरीही पुष्कळ कॅसेट अजून शाबूत आहेत. खरी अडचण व्हीसीआरची आहे. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्याचे हेड, रबरी पट्टे, दुरुस्त करणारे कारागीर सगळेच संपत आले आहेत. युनेस्को आणि ध्वनि-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्येच इशारा दिला होता की २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाचणे बहुतेकांच्या हाताबाहेर जाईल. ती मुदत आता उलटली. पुढच्या वर्षी बघू म्हणायला जागा उरलेली नाही.

कॅसेट हातात घेतल्यावर आधी तिच्या खिडकीतून फितीकडे पाहा. पांढरे किंवा राखाडी ठिपके, धूळ बसल्यासारखा थर दिसला तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. फीतही जाते आणि यंत्राच्या हेडला बुरशी लागून पुढची कॅसेटही बिघडते. ती वेगळी ठेवा, आधी साफ करून घ्यावी लागेल. स्वच्छ असेल तर कॅसेटच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला आहे का ते बघा. नसेल तर मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. किती तरी लग्नांवर नंतर टीव्हीवरची मालिका किंवा क्रिकेटची मॅच रेकॉर्ड झालेली आहे. चांगली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, फितीचा ताण सारखा होतो.

आता रूपांतर. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला हे काम करणारे स्टुडिओ अजून सापडतात. तिथे गेल्यावर आपण म्हणतो, कॅसेटची डीव्हीडी करून द्या. हेच म्हणू नका. डीव्हीडी करताना तीन तासांची कॅसेट एका चकतीत बसवण्यासाठी चित्र दाबले जाते, आणि ती चकती वाचायला पुन्हा वेगळे यंत्र लागते. फाईल मागा. एक पूर्ण लांबीची फाईल, कापलेली नाही, वर गाणे चढवलेले नाही, रंग उजळवलेले नाहीत, बाजूने ताणून रुंद केलेले नाही. आपल्याकडची व्हीएचएस पाल पद्धतीची असते, सेकंदाला पंचवीस चित्रे, आणि चित्राचा आकार चार-तीन. तो आकार तसाच राहू द्या. हल्लीच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, दिसू द्या. पट्ट्या नकोत म्हणून ताणले की आजी जाड आणि बुटकी दिसते.

स्टुडिओवाला हलत्या चित्राच्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसतात असे म्हणेल. जुन्या पद्धतीत एक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी, घेतले जायचे. त्यामुळे संगणकावर तसे दिसते. पाहण्याच्या प्रतीत त्या रेघा काढून घ्या, पण मूळ प्रतीत काढू देऊ नका. एकदा पुसलेले परत येत नाही, आणि रेघा काढण्याच्या युक्त्या दरवर्षी सुधारत आहेत. हेच एआय वापरून चेहरे स्पष्ट करण्याच्या नव्या फॅशनला लागू आहे. ते यंत्र पुसट चेहऱ्याच्या जागी अंदाजाने नवा चेहरा काढते. डोळे-नाक छान दिसते, पण ते आपल्या आजीचे असेलच असे नाही. गंमत म्हणून करा, मूळ म्हणून ठेवू नका.

फाईलचा प्रकार कोणता, यावर दोन उत्तरे आहेत. घरगुती कामाला एमपी४ फाईल, आतले चित्र एच.२६४ पद्धतीने आणि आवाज एएसी पद्धतीने. ही पद्धत २००३ पासून आहे. आज गल्लीतल्या सर्वांत स्वस्त मोबाईलपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे चालते, आणि अब्जावधी फाईली तिच्यात असल्यामुळे ती वाचणारे सॉफ्टवेअर इतक्यात जाणार नाही. टिकाऊपणाची खरी खूण हीच असते. नव्या पद्धती जागा कमी घेतात, पण जुन्या टीव्हीवर अडतात.

दुसरे उत्तर संस्थांसाठी. एखादे मंडळ, विहार समिती किंवा महाविद्यालय अनेक गावांच्या कॅसेट जमवणार असेल तर मूळ प्रत एफएफव्ही१ या पद्धतीने, एमकेव्ही फाईलमध्ये ठेवावी. यात चित्राचा एकही कण गाळला जात नाही आणि पद्धत कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. जगातली मोठी संग्रहालये ती वापरतात. फक्त जागा लागते, व्हीएचएसच्या एका तासाला साधारण पंचवीस-तीस जीबी. घरच्या एका कॅसेटसाठी एवढा खटाटोप करायला मी सांगणार नाही.

साधारण २००० नंतरची लग्ने व्हीसीडीवर आहेत, मग डीव्हीडीवर. यांच्याबद्दल लोक निर्धास्त असतात, आणि ते चूक आहे. शूटिंगवाल्याने घरी लिहून दिलेली सीडी ही दुकानातल्या छापील सीडीसारखी नसते. तिच्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने विटतो, आणि मग चकती वरून चकचकीत असूनही वाचली जात नाही. सीडीची माहिती लेबलच्या बाजूला अगदी वर असते, त्यामुळे नावे लिहिताना बॉलपेन दाबून चालवला तरी नुकसान होते. आपल्या कितीतरी सीडींवर नवरा-नवरीची नावे, तारीख आणि ‘मंगल परिणय’ बॉलपेनने कोरलेले आहे.

या चकत्यांचे चित्र पुन्हा टीव्हीवरून शूट करू नका किंवा नव्याने दाबू नका. आतली फाईल जशीच्या तशी संगणकावर उतरवून घ्या. व्हीसीडीत ती डीएटी नावाने असते, डीव्हीडीत व्हीओबी नावाने, एक-एक जीबीच्या तुकड्यांत. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही चालवते. पाहण्यासाठी हवी तर तिची वेगळी एमपी४ प्रत हँडब्रेकने करा. व्हीसीडीचे चित्र मुळातच छोटे असते, ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, आणि एका चकतीत सुमारे ७४ मिनिटे बसायची. म्हणून एका लग्नाच्या दोन-तीन चकत्या असतात. त्यातली एक नेहमी दुसऱ्याकडे गेलेली असते. नातेवाइकांत विचारा. एका संगणकात चकती अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. ड्राइव्ह बदलल्यावर वाचल्या जाणाऱ्या चकत्या बऱ्याच निघतात.

नवी लग्ने करणाऱ्यांशी थोडे वेगळे बोलायला हवे. तुमच्या हाती येतो तो पेनड्राइव्ह, छान लाकडी डबीत. पेनड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठते आणि वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला तर तो भार गळतो. शिवाय लग्नाच्या पेनड्राइव्हवर नंतर सिनेमे भरले जातात. आल्या दिवशीच त्याच्या प्रती करा.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट लग्नाआधी शूटिंगवाल्याशी बोलायची आहे. मिक्सिंग करताना मूळ आवाज काढून त्या जागी हिंदी सिनेमाचे गाणे टाकले जाते. नवरदेव-नवरी हात जोडून प्रतिज्ञा घेताना दिसतात आणि ऐकू येते भलतेच. पंचशील घेणाऱ्या पाचशे माणसांचा एकत्र आवाज, बौद्धाचार्यांचे दोन शब्द, मुलीच्या बापाचे भरून आलेले बोलणे, सगळे त्या गाण्याखाली जाते. बऱ्याचदा स्टुडिओ दोन-तीन महिन्यांत कार्ड रिकामे करतो आणि मूळ आवाज संपतो. म्हणून बुकिंग करतानाच चिठ्ठीवर लिहून घ्या: विधीचा भाग अखंड, मूळ आवाजासह, वेगळ्या फाईलमध्ये हवा, शक्य असेल तर न कापलेले सगळे चित्रीकरण हवे. साध्या फुल एचडीत तासाला नऊ-दहा जीबी धरा, पाच तासांचे पन्नास जीबी. त्यासाठी आपली हार्ड डिस्क न्यावी लागेल, थोडे जास्त पैसे मागतील. ड्रोनवर आणि इन्स्टाग्रामच्या एका मिनिटाच्या रीलवर जेवढे जातात त्यापेक्षा ते कमीच असतील.

आता ठेवायचे कुठे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या घरच्या भाषेत सांगायचे तर एक हार्ड डिस्क आपल्याकडे, दुसरी बहिणीकडे किंवा मामाकडे, आणि तिसरी प्रत इंटरनेटवर. ‘दुसऱ्या ठिकाणी’ यावर आपल्याकडे विशेष भर द्यायला हवा. मंठा, परतूर, घनसावंगीकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला पाच-सहा महिने बाहेर असतात. घर बंद, पेटी आत, पत्रा गळतो की नाही बघायला कोणी नाही. अशा घराची दुसरी प्रत गावात राहणाऱ्या किंवा पुण्या-मुंबईला स्थिरावलेल्या नातलगाकडे असलीच पाहिजे. एकाच जागी ठेवण्याचे परिणाम मोठ्या संस्थांनाही भोगावे लागले आहेत. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुन्या नायट्रेट फिल्मची हजारो रिळे जळाली. त्यातल्या ज्या चित्रपटांची दुसऱ्या फिल्मवर प्रत आधीच निघाली होती तेच आज पाहता येतात.

हार्ड डिस्क फिरते यंत्र आहे, पडली की गेली, आणि काही वर्षांनी न पडताही जाते. वर्षातून एकदा तिला संगणकाला लावून फाईल उघडून मधून-मधून पाहायची, आणि पाचेक वर्षांनी नव्या डिस्कवर सगळे उतरवायचे. त्यासाठी तारीख ठरवून टाका. १४ एप्रिलला कोणालाच वेळ नसतो, म्हणून मी १४ ऑक्टोबर सुचवतो. लाइट जा-ये करत असताना कॉपी करू नका. अर्धवट उतरलेली फाईल नावाने पूर्ण दिसते आणि उघडल्यावर कळते. कॉपी झाल्यावर दोन्ही फाईलींचा आकार जुळतो का पाहा. जमत असेल तर चेकसम काढा. चेकसम म्हणजे फाईलवरून काढलेला लांबलचक आकडा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. पेनड्राइव्ह चार जीबीपेक्षा मोठी फाईल घेत नसेल तर तो जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, तो एक्सफॅट करून घ्यावा. त्यासाठी फाईलचे तुकडे करू नका.

इंटरनेटवरच्या प्रतीबद्दल गैरसमज फार आहेत. व्हॉट्सॲपवर व्हिडीओ म्हणून पाठवलेली फाईल दाबून लहान होते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गुगलची मोफत जागा १५ जीबी, तीही मेल आणि फोटो धरून. दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर गुगल ते खाते आणि त्यातले सर्व काढून टाकू शकते, असा नियम २०२३ पासून आहे. ज्या दादाच्या खात्यात सगळे आहे तो वारला किंवा पासवर्ड विसरला तर काय, याचा विचार करून त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचे नाव देता येते, ते द्या. युट्यूबवर खासगी ठेवून टाकता येते, पण तिथून परत उतरवलेली फाईल तुम्ही टाकलेली मूळ फाईल नसते, दाबलेली असते. त्यातच बँडवाल्याने वाजवलेल्या किंवा मिक्सिंगमध्ये घातलेल्या गाण्यावर कंपनीने हक्क सांगितला तर आवाज बंद होऊ शकतो. युट्यूब दाखवायला चांगले आहे. ठेवायला नाही.

सार्वजनिक टाकण्याआधी आणखी एक विचार करा. त्या मांडवातली एखादी मुलगी आज दुसऱ्या संसारात असेल, एखादे लग्न मोडले असेल, एखाद्या बाईला आपला वीस वर्षांपूर्वीचा चेहरा अनोळखी लोकांपुढे नको असेल. इतिहास जपायचा म्हणून तिला न विचारता तो जगाला दाखवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. गायनाचा किंवा विधीचा भाग वेगळा काढून, संमती घेऊन टाकता येतो.

कायद्याचेही थोडे सांगतो, कारण सल्ला मागायला येणाऱ्यांत हा गोंधळ असतो. व्हिडीओ म्हणजे विवाह नोंदणी नव्हे. नोंदणी स्वतंत्रपणे कराच. पण उलटही खरे आहे. बौद्धांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो (तो का असावा, आपला वेगळा कायदा का नसावा, ही चर्चा जुनी आहे आणि ती व्हायलाच हवी). त्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीनुसार विधी झालेले असावे लागतात. सप्तपदी जिथे त्या रूढीचा भाग आहे तिथेच ती लागते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मधील एका निकालात स्पष्ट केले की विधी झालेलेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने विवाह सिद्ध होत नाही. नवऱ्याने लग्नच नाकारलेल्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: त्रिशरण-पंचशील आणि प्रतिज्ञा झाल्याचे दाखवणारा अखंड व्हिडीओ तिच्या बाजूचा मोठा पुरावा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात वर सांगितलेल्या चेकसमसारखा हॅश आकडा नोंदवावा लागतो. गाणे चढवलेली, कापलेली फिल्म तिथे कमी उपयोगी पडते. माहेरी एक प्रत असणे का गरजेचे, हेही यावरून कळेल.

फाईल झाली की तिला नाव द्या. ‘व्हिडीओ १’ किंवा ‘लग्न फायनल नवीन’ या नावाने ठेवलेली फाईल वीस वर्षांनी कोणाची ते कळत नाही. आधी साल-महिना-दिवस, मग गाव आणि तालुका, मग दोघांची नावे. सोबत एक साधी मजकुराची फाईल: विधी कोणी लावला, गायन पार्टी कुठली, शूटिंग कोणाचे, कॅसेट कधी आणि कुठे रूपांतरित केली. आणि कितव्या मिनिटाला कोण दिसते ते. हे शेवटचे काम तंत्राचे नाही, आणि तेच सर्वांत आधी हातून निसटणार आहे. फीत कदाचित आणखी पाच वर्षे तग धरेल. त्या रांगेतल्या बायकांची नावे सांगू शकणारी म्हातारी माणसे तेवढी थांबतील असे नाही. रूपांतर झाले त्याच आठवड्यात आजीला, आत्याला समोर बसवा, व्हिडीओ लावा, प्रत्येक चेहऱ्याला थांबवून विचारा आणि लिहून घ्या. शेजारी मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवा. नावांबरोबर बाकीचेही बरेच काही त्या सांगतात.

एका घराला हे सगळे जमेल असे नाही. व्हीसीआर, चित्र पकडणारे यंत्र, संगणक आणि ते चालवणारा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वस्तीत नसते. म्हणून विहाराच्या पातळीवर तालुक्याला एक संच पुरे. आधी नुसती यादी करा: कोणाकडे कॅसेट आहे, कोणत्या सालाची, बुरशी आहे की नाही. सर्वांत जुनी आणि ज्या घरातली म्हातारी माणसे हयात आहेत ती आधी घ्या. घरधन्याला कॅसेट परत देताना फाईलची प्रत द्या, आणि आपल्याकडे ठेवायची तर लेखी परवानगी घ्या.

रूपांतर झाले म्हणून मूळ कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका. पहिल्या वेळी व्हीसीआरचे हेड मळलेले असेल, आवाज दबका आला असेल, उद्या चांगले यंत्र मिळाले तर पुन्हा काढता येईल. पूर्ण मागे गुंडाळून, डबीत घालून, पुस्तकासारखी उभी ठेवा. पत्र्यापासून, चुलीपासून, स्पीकर आणि इन्व्हर्टरपासून लांब, आणि पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेल्या पेटीत तर नकोच.